माझ्यामागे या

सासऱ्यांना त्यांच्या घरातून बाहेर काढायचं हे आमचं एप्रिलमध्येच ठरलं होतं. जंगलाला आग जुलैत लागली. क्रम आधीच सांगून ठेवलेला बरा, कारण नंतर बायकोच्या नातेवाइकांना आम्ही तो उलटा सांगितला.

ऑर्विल म्हणजे माझे सासरे. वय त्र्याऐंशी. पर्वतांच्या पलीकडे, टॅमरॅक क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाकाठाने वर चढत जाणारा एक मातीचा रस्ता आहे. तो जिथे संपतो तिथे त्यांचं लाकडी घर. रस्ता त्यांच्या अंगणात शिरतो आणि पुढे जायला काही कारण उरलेलं नाही अशा थाटात थांबतो. एप्रिलमध्ये डोळ्यांच्या तपासणीत त्यांचं गाडी चालवायचं लायसन गेलं. त्यांनी वाद घातला नाही. गाडीची किल्ली खिळ्याला टांगली आणि दुसऱ्या दिवसापासून गवत कापायच्या यंत्रावर बसून ते हमरस्त्यावरच्या टपालपेटीकडे जायला लागले. या यंत्राला लायसन लागत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या रस्त्यावर अस्वलांखेरीज विचारणारं कोणी नव्हतं. जाऊन यायला अख्खी सकाळ लागायची. परत आले की फोन करून सांगायचे, आज रहदारी फार होती.

ग्वेनने, म्हणजे माझ्या बायकोने, कॅल्गरीत एका वृद्धनिवासात त्यांच्यासाठी खोली पक्की केली. खोलीला खिडकी होती. खिडकीतून पार्किंग दिसायचं.

"डॅडला गाड्या आवडतात," ग्वेन म्हणाली.

मी काही बोललो नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली त्याचं मुख्य कारण तेच आहे.

दर उन्हाळ्यात आम्ही डोंगर ओलांडून तिकडे जातोच. मागे तंबू, बर्फाची पेटी, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. खिंडीपर्यंत कोण किती अस्वलं मोजतं यावर पैज. तेव्हा या वर्षीही तसंच निघायचं, चार दिवस राहायचं, आणि पाचव्या दिवशी ऑर्विलना गाडीत घालून आणायचं, असा बेत होता. त्यांना कधी सांगायचं? ग्वेनचं म्हणणं, योग्य वेळ आली की. योग्य वेळ एप्रिलपासून येत होती.

आता गाडीबद्दल. ही पिकअप मी एका रस्तेवाल्या ठेकेदाराच्या लिलावात घेतली. डोंगरात रस्त्याचं काम निघालं किंवा दरड कोसळली की उरलेल्या एकाच पट्टीवरून गाड्यांचा तांडा पलीकडे नेणारी एक पायलट गाडी असते. तिच्या टपावर पिवळा फिरता दिवा, आणि मागे नारिंगी पाटी: माझ्यामागे या. माणसं रांगेत उभी असतात, ती गाडी येते, वळते, आणि सगळे तिच्यामागे निमूट निघतात. कोणी विचारत नाही ही कोण, कुठे चालली. आमच्या देशात लोक देवावर कमी आणि पायलट गाडीवर जास्त विश्वास ठेवतात.

आमची पिकअप पूर्वी ते काम करायची. दिवा टपावर तसाच होता. पाटी मागच्या फळीवर बिजागरीने वर दुमडून कडीत अडकवलेली होती.

"हे तू काढणार आहेस ना?" गाडी घरी आणली त्या दिवशी ग्वेनने विचारलं.

"काढतो," मी म्हणालो. त्याला दोन वर्षं झाली.

पहिल्या दिवशी खिंड ओलांडली तेव्हा डोंगर जागेवर होते, पण दिसत नव्हते. जुलैच्या दुपारी दोन्ही बाजूंना नुसती राखाडी भिंत, आणि सूर्य एखाद्या चोखून टाकलेल्या गोळीसारखा. पैजेत अस्वल शून्य. ग्वेन बिया सोलत होती आणि खात नव्हती, टरफलं आणि दाणे एकाच कपात टाकत होती. रेडिओवर सांगत होते, टॅमरॅक खोऱ्यातल्या रहिवाशांनी तयारीत राहावं. आम्ही मुक्कामाला एल्डन गावाच्या अलीकडे थांबलो. सकाळी उठलो तेव्हा 'तयारीत राहा'चं 'निघा' झालं होतं.

ग्वेनने फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"डॅड, आदेश आलाय. निघायचंय."

"आला असेल. माझ्याकडे टपालाने काही आलेलं नाही."

"डॅड, आग कड्याच्या पलीकडे आहे."

"दिसतेय. तिचा धूर तुझ्या आईच्या पावासारखा आहे. वरून काळा, आत काय ते देव जाणे."

"आम्ही येतोय तुला घ्यायला. तयार राहा."

"मागच्या वेळी असाच तयार राहिलो होतो," ऑर्विल म्हणाले.

मागची वेळ घरात सगळ्यांना पाठ आहे. वीस वर्षांपूर्वी असाच आदेश आला, ते शहाण्यासारखे घर सोडून गेले, आग काही आली नाही. पण वीज गेली, आणि फ्रीजरमधलं मूस हरणाचं मांस, सबंध हिवाळ्याचं, सडलं. अंगणात खड्डा खणून फ्रीजरसकट पुरावं लागलं. सरकारने आगीची भरपाई देऊ केली होती, वासाची नाही.

फोनवर त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ग्वेन, खाली आलो तर परत वर येईन ना?"

"डॅड, आवाज तुटतोय," ग्वेन म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. तिने फोन ठेवला आणि बियांची पिशवी खिडकीतून बाहेर फेकली. गाडीतून कचरा फेकणाऱ्यांना ती आजवर हाक मारून थांबवत आलेली आहे.

हमरस्त्यावर रांग लागली होती. पुढे धूर इतका दाट, की लोकांना पायलट गाडीमागून तुकड्या-तुकड्यांनी एल्डनला नेत होते. ती गाडी पलीकडे गेलेली, आणि इकडे उन्हाळ्याच्या सहलीला निघालेला निम्मा देश उभा. घराएवढ्या गाड्या, त्यांच्यामागे बांधलेल्या छोट्या गाड्या, होड्या, होड्यांवर सायकली. रांगेच्या तोंडाशी नारिंगी बंडी घातलेली एक बाई हातात थांबाची पाटी धरून. ऑर्विलकडे जाणारा मातीचा रस्ता तिच्या पुढे, जेमतेम दोन वळणांवर.

"पुढे घे," ग्वेन म्हणाली.

"रांग आहे."

"लॉर्न. पुढे घे."

आमच्याकडे रांग मोडून पुढे जाणं हे माणूस आयुष्यात एकदा करतो आणि मग दुसऱ्या प्रांतात राहायला जातो. मी डाव्या बाजूने, उलट्या पट्टीतून, खडी तुडवत निघालो. काचांमागून तोंडं बघत होती. कोणी भोंगा वाजवला नाही. नुसतं बघणं जास्त लागतं. मला इतकी लाज वाटली की मी टपावरचा पिवळा दिवा लावला. म्हणजे लोकांना वाटावं, याचं काही सरकारी काम असेल. खडीच्या दणक्यांनी मागची कडी निसटली आणि पाटी खाली पडली, ते मला तेव्हा कळलं नाही.

नारिंगी बंडीच्या बाईने दिवा पाहिला. मी काच खाली करून सासऱ्यांची सगळी हकिगत सांगायच्या तयारीत होतो. तिने थांबाची पाटी फिरवून सावकाशची केली.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "किती वेळ लावलात."

"सॉरी," मी म्हणालो. आमच्याकडे दुसरं काही सुचलं नाही की हेच म्हणतात.

आम्ही मातीच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली क्रीक, मध्ये एका गाडीपुरती जागा. झाडांवरून राख हळूहळू उतरत होती. आरशात मागे दिवे दिसले. एक जोडी, दोन, मग मोजता येईनात इतक्या.

"बघ," मी म्हणालो, "किती जणांचे म्हातारे आहेत इकडे. सगळे न्यायला आलेत."

ग्वेनने मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे.

"टॅमरॅक क्रीकला डॅड एकटाच राहतो, लॉर्न."

तिने खिडकीतून मान बाहेर काढून मागची फळी पाहिली.

"त्या पाटीचं काय केलंस तू?" तिने विचारलं.

मी थांबलो असतो. पण मी थांबलो की ते थांबणार, तिथेच, सुकलेल्या देवदारांच्या मधोमध, होड्यांसकट. वळायला जागा नाही. मागे जायला म्हणावं तर सगळ्यात शेवटच्याला आधी जावं लागणार, आणि सगळ्यात शेवटचा कोण हे कोणालाच ठाऊक नाही. साऱ्या खोऱ्यात इतक्या गाड्या वळवता येतील अशी एकच जागा होती, आणि तिच्यावर माझे सासरे राहत होते. मी वर चढवत राहिलो. कड्याच्या माथ्यावर धूर आतून तांबूस होत होता. मागचे अंतर राखून येत होते. कोणीही दिव्याची उघडझाप केली नाही. इतकी शिस्त मी एखाद्या अंत्ययात्रेतही पाहिलेली नाही.

ऑर्विल छपरावर होते, हातात बागेची नळी. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला. मग आमच्या मागून होडी आली. होडीमागून मोटारसायकली. त्यांच्यामागून एक घर आलं, चाकांवरचं, मागे लहानशी लाल गाडी बांधलेलं. ऑर्विलनी नळी बंद केली.

"पाहुणे आणायचे होते तर कळवायचं," ते वरून म्हणाले. "कॉफी पुरायची नाही."

लोक उतरले, हातपाय झाडले, माझ्याकडे बघून कृतज्ञतेने हसले. होडीवाला गडी सस्कॅचवान प्रांतातला, नाव डॅरिल. त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. "फार छान आणलंत. हे निर्वासित केंद्र का? लहान आहे, पण छान आहे. संडास कुठे?"

"त्या पलीकडे," ऑर्विल शिडीवरून उतरत म्हणाले, आणि पाहता पाहता तिथे रांग लागली.

"सांग त्यांना," ग्वेन माझ्या कानाशी म्हणाली.

मी बर्फाच्या पेटीवर उभा राहिलो आणि सांगितलं. की मी पायलट नाही. की ही पाटी जुनी आहे, ती काढायची राहून गेली. की हा रस्ता इथे संपतो. की एल्डन दुसऱ्या दिशेला आहे, आणि आपण सगळे आता आगीच्या, म्हणजे तसं पाहिलं तर, बऱ्यापैकी शेजारी आहोत.

दूरवर जड मालगाडी चालावी तसा एकसारखा आवाज येत होता, आणि त्या खोऱ्यात रेल्वे नाही.

मग मोटारसायकलवाल्यांपैकी एक जाडजूड बाई म्हणाली, "सॉरी हं. आम्हीच बघायला हवं होतं."

"नाही नाही, सॉरी, चूक माझी," डॅरिल म्हणाला. "पुढे मी होतो."

"सॉरी, आम्ही फार चिकटून आलो," कोणीतरी मागून म्हणालं.

चाकांवरच्या घराचा मालक फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेकचा, रेजां नावाचा, पंचाहत्तरीचा टापटीप गृहस्थ. तो एकटाच सॉरी म्हणाला नाही. त्याने टोपी काढली. "म्हणजे महाशय, आम्ही आगीपासून पळत होतो, आणि तुम्ही आम्हाला तिच्याकडे घेऊन आलात?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, "एवढं स्पष्ट असलं की बरं असतं." आणि बायकोला, ल्युसेतला, गाडीत बसायची खूण केली.

ऑर्विलनी अंगणाकडे एकदा नजर फिरवली. ज्यांना नेत्रतज्ज्ञाची अक्षरांची तिसरी ओळ दिसली नाही त्यांना अंगण मात्र पूर्ण दिसत होतं, कारण ते तोंडपाठ होतं. अंगणाच्या मध्यावर गवताखाली मैल्याची टाकी होती, लाकडी झाकणाची, चाळीस वर्षांची. तिच्यावर चाक गेलं की गाडी आत. ते जाऊन त्या झाकणावर उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"मला वळसा घालून," ते ओरडले. "मला कोणी धडकू नका, माझ्याखाली घाण आहे."

ग्वेन त्यांच्यापाशी गेली. मीही गेलो.

"डॅड, तू आमच्या गाडीत बस. आत्ता."

"मी बसलो तर इथे कोण उभं राहील?"

"दुसरं काहीतरी ठेवू. खुर्ची ठेवू."

"खुर्चीला कोणी घाबरत नाही. हा होडीवाला तर मुळीच नाही, बघ कसा येतोय. ए बाबा, डावीकडे! डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे!" मग हळू आवाजात, "सगळे गेले की शेवटच्या गाडीबरोबर येतो मी."

ग्वेनने त्यांच्याकडे पाहिलं. ती त्यांचीच मुलगी आहे. योग्य वेळ पुढे ढकलणं म्हणजे काय हे तिला कळतं.

"मग मीही इथेच थांबते," ती म्हणाली.

"थांब की."

"मी पण थांबतो," मी म्हणालो.

"तुला नाही थांबता येणार," ऑर्विल म्हणाले. "पाटी तुझ्या गाडीवर आहे."

मी ग्वेनकडे बघितलं. ती तोंडावर ओला रुमाल बांधत होती. तिने मानेने खूण केली, जा. लग्नात एकमेकांना वचनं देताना पाद्री खूप काही विचारतो. हे विचारत नाही.

मी वळलो, दिवा लावला आणि निघालो.

खाली उतरताना धूर काचेला चिकटला होता. गाडीच्या नाकापुढे काय आहे ते दिसत नव्हतं, कड्याची बाजू फक्त अंदाजाने. खिडकी उघडली की क्रीकचा आवाज यायचा. तो उजवीकडे आहे तोवर आपण रस्त्यावर आहोत. ठिणग्या बोनेटवर पडून विझत होत्या, काही विझत नव्हत्या. आरशात डॅरिलचे दिवे, त्यांच्यामागे धुरात नुसता पिवळा डाग. आणि प्रत्येक वळणाला मी बायकोपासून एक वळण लांब जात होतो. वाटेत गाडी आडवी घालून सगळ्यांना सांगावं, बाबांनो, मला परत वर जायचंय, असं तीनदा मनात आलं. पण रस्ता त्यांनी भरलेला होता. वर जायची वाट माझ्यामागे येणाऱ्या माणसांनीच बंद केली होती, आणि ती माझ्यामागे येत होती कारण मी तसं लिहून ठेवलं होतं. ते खाली सुरक्षित पोचल्याखेरीज मला वर जाता येणार नव्हतं. त्यांच्यासाठी मी कधी नव्हे इतका चांगला पायलट झालो. हे चांगुलपण नव्हतं. घाई होती.

एका जागी जळकं झाड आडवं पडलं होतं. मी थांबलो. मागून मोटारसायकलवाले पळत आले, कातडी हातमोज्यांनी ते उचलून क्रीकमध्ये ढकललं, आणि ती जाडजूड बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "सॉरी, थांबावं लागलं तुम्हाला." मला रडू फुटलं. तिने खिशातून कागदी रुमाल दिला आणि मागे गेली.

हमरस्त्यावर खरी पायलट गाडी येऊन उभी होती आणि नारिंगी बंडीची बाई हातातल्या वायरलेसवर कोणाला तरी शिव्या घालत होती. मला पाहून तिने त्या माझ्याकडे वळवल्या. मी ऐकत होतो, आणि एकेक गाडी मातीच्या रस्त्यावरून बाहेर पडताना बघत होतो. जाताना प्रत्येक जण मला हात करत होता. एका लहान मुलीने काचेला नाक लावून जीभ दाखवली. तेवढी एकच योग्य प्रतिक्रिया होती.

सगळ्यात शेवटी ते चाकांवरचं घर आलं. पुढच्या आसनावर रेजांच्या शेजारी ग्वेन बसली होती. मागच्या खिडकीत ल्युसेत. आणखी कोणी नाही.

ग्वेन दार उघडून गाडी थांबायच्या आत खाली उतरली. "डॅड वरच राहिला."

"वर? तुमच्याबरोबर होते ना?"

"म्हणाला, या फ्रेंच माणसाला माझी इंग्रजी कळत नाही, तू पुढे बसून त्याला वळणं सांग. गाडी वळली, म्हणाला, चला, मी मागून दिवे लावून येतो." तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "आरशात बघितलं तर झाकणावर उभा राहून हात करत होता. चला, चला. मी ओरडले थांबवा. हा म्हणाला, बाई, थांबवीन, पण मागे गाडी बांधलीय, हे घर मागे जात नाही."

"सॉरी, मादाम," रेजां खिडकीतून म्हणाला. आता म्हणाला.

"मागून येतो म्हणजे कशावर?" मी विचारलं.

ऑर्विलच्या गाडीला एप्रिलपासून बॅटरीच नव्हती. तिनेच ती काढून ठेवायला मला सांगितलं होतं, आणि मी काढून ठेवली होती. सांगितलेली कामं मी अशी नेमकी कधीतरीच करतो.

तंबूची दोरी काढून मी पाटी वर बांधली, दोन गाठी मारल्या. टपावरचा दिवा बंद केला. नारिंगी बंडीची बाई रस्त्यात उभी राहिली, थांबाची पाटी छातीशी धरून.

"वर कोणालाही सोडायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला तर नाहीच."

"सॉरी," मी म्हणालो आणि तिला वळसा घालून गेलो. या शब्दाचा इतका उद्धट वापर मी आजवर केला नव्हता. ग्वेन शेजारी बसली होती. ती कधी चढली ते मला आठवत नाही.

आता आग लपत नव्हती. उजव्या कड्यावर झाडं एकामागून एक पेटत होती, खालून नाही, शेंड्याकडून, कोणी काडी लावत चालल्यासारखी. गाडीच्या आत चटके बसत होते.

"मी त्याला फोनवर सांगायला हवं होतं," ग्वेन म्हणाली. "त्याने सरळ विचारलं होतं."

"आवाज तुटत होता," मी म्हणालो.

"गप्प बस, लॉर्न."

मी गप्प बसलो. वर जाईपर्यंत घर राहिलं असेल का, आणि राहिलं असेल तर आम्ही तिथून परत येऊ का, हे दोन प्रश्न गाडीत आमच्यामध्ये बसले होते, आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

एका वळणावर धुरात, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीला, एक मिणमिणता पिवळा दिवा दिसला. मी ब्रेक दाबला.

ऑर्विल गवत कापायच्या यंत्रावर बसले होते. डोक्याला ओला टॉवेल, अंगात हिवाळ्यातला कोट. यंत्राच्या मागे पालापाचोळा वाहायची ढकलगाडी जोडलेली, तिच्यात ओल्या घोंगडीखाली पांढऱ्या कागदातली मूसच्या मांसाची पुडकी, उंच रचलेली, दोरीने बांधलेली. माणूस चालेल त्याच्या निम्म्या वेगाने ते येत होते. त्यांच्या मागचं वळण लाल होतं.

"रस्ता अडवलायस तू," ते मला म्हणाले.

"डॅड," ग्वेन खाली उतरून धावत गेली. "डॅड, तू येणार नव्हतास ना?"

"नव्हतो. पण वीज गेली." ते खोकले, बराच वेळ. "फ्रीजर बंद. गेल्या वेळी निघून गेलो तर मांस सडलं. या वेळी थांबलो, तरी तेच. मग म्हटलं, काही अर्थ नाही."

"चल. गाडीत बस."

ते बसले नाहीत. यंत्राच्या चाकावरचे हातही काढले नाहीत. इंजिन फुटफुटत होतं.

"आधी ते सांग," ते म्हणाले. "परत वर येईन?"

वरच्या बाजूला एक झाड उभंच्या उभं पेटलं आणि त्याचा उजेड तिघांच्या तोंडावर पडला. ग्वेनचं तोंड मला दिसत होतं. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर ते त्या क्षणी उठले असते, आणि त्याच्यानंतर पार्किंगकडे बघत बसायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. मी मनातल्या मनात तिला हो म्हण, हो म्हण, असं करत होतो.

"नाही," ग्वेन म्हणाली. "खोली घेतलीय तुझ्यासाठी. कॅल्गरीत."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"हं." एक ठिणगी त्यांच्या बाहीवर पडली, ती त्यांनी थापटली. "खिडकी आहे?"

"आहे."

"काय दिसतं?"

"पार्किंग."

त्यांनी विचार केला. आग जवळ येत होती आणि हा माणूस विचार करत होता. मला त्यांच्या मानेला धरून उचलावंसं वाटलं. तसं केलं असतं तर जमलंही असतं, त्यांचं वजन फार राहिलेलं नव्हतं. पण मी जागचा हललो नाही.

"मांस आधी चढवा," ते म्हणाले.

आम्ही चढवलं. मी आणि ग्वेन पुडकी फेकत होतो, बोटं थंडीने आणि पाठ उष्णतेने बधिर होत होती. ऑर्विलनी यंत्र कड्याच्या बाजूला घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण नको म्हणून. इंजिन बंद केलं. मग किल्ली काढली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. त्या यंत्राला कोण चोरणार होतं ते मी विचारलं नाही.

गाडी मागे मागे घेत मी एका रुंद वळणापर्यंत आलो आणि कशीबशी फिरवली. तिघं एका बाकावर, ऑर्विल मध्ये. ते सरळ समोर बघत होते, हात कोटाच्या बटणावर. पहिल्याच खड्ड्यात मागे काहीतरी धाडकन पडलं आणि फळीवर आपटत राहिलं. दोन गाठी मारल्या होत्या मी.

"काय वाजतंय?" ऑर्विलनी विचारलं.

"पाटी," ग्वेन म्हणाली.

मी आरशात पाहिलं. रस्त्यावर मागे कोणी नव्हतं. आग तेवढी होती, वळण ओलांडून रस्त्यावर उतरलेली, आणि ती येत होती.

"ती काढून टाक एकदाची," ऑर्विल म्हणाले.

"काढतो," मी म्हणालो, आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.